बर्फाच्या नद्या, पावसाच्या नद्या

आमच्या कचेरीच्या मधल्या व्हरांड्यात सुतार प्लायवूडची भिंत उभी करत होते, त्या दुपारी अक्का आणि मी कुंडलिका नदीवरून भांडत होतो. राज्याचे दोन भाग झाले होते. एकाच इमारतीत आता दोन सरकारांच्या दोन कचेऱ्या बसणार होत्या. भिंतीच्या कोणत्या बाजूला कोणतं कपाट जाणार, यावरून आत आवाज चढले होते. आम्ही डबे उचलून बाहेरच्या जिन्यावर येऊन बसलो होतो.

“ती नदी नक्को,” अक्का म्हणाली. “धरणवाले दार उघडतात तेव्हा पाणी येतं, बंद केलं की संपतं. नळाला आल्यासारखं. त्याला काय नदी म्हणायचं?”

“नवशिक्यांना तीच बरी. पाणी कधी येणार, किती येणार, सगळं आधी ठाऊक असतं.”

“ठाऊकच आहे तर जायचं कशाला?” असं म्हणून तिने माझ्या डब्यातली अर्धी भाकरी उचलली आणि तिच्या डब्यातली अंबाडीची चटणी माझ्या झाकणात वाढली.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. शेजारच्या टेबलावर बसणारी, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी तेलुगू बाई. माहेर खाली किनारपट्टीवर, जिथे गोदावरी इतकी रुंद होते की पलीकडचा काठ धुरकट दिसतो. लग्न होऊन हैदराबादला आली, नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, “तुम्ही मराठी लोक गोदावरीला काय म्हणता?” मी म्हटलं, “गंगा.” तिला ते फार आवडलं. तेव्हापासून मी तिला अक्का म्हणते आणि ती मला ‘मराठी अम्मायी’, म्हणजे मराठी पोरगी. आमचं बोलणं या शहराच्या मिसळीचं. हिंदी दखनी थाटाची, मधे तिचं तेलुगू, मधे माझं मराठी. इथे मी ते मराठीत सांगते आहे, पण तिचा ‘नक्को’ मला बदलवत नाही.

कयाकचं वेड तिचंच. तिच्या मुलीचं नाव तिने सुट्टीत होड्या वल्हवायला शिकवणाऱ्या वर्गात घातलं होतं. मुलगी पहिल्याच दिवशी घाबरून रडत परत आली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी अक्का जाऊन बसली. पुढच्या रविवारी तिने मलाही ओढून नेलं. नारायणगुड्याच्या स्टॉपवर ती पहाटे पिशवीत जुने पंजाबी ड्रेस घेऊन उभी होती. दोघींनाही दुसरे कसले कपडे घालायचे हे माहीत नव्हतं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कयाक ही एका माणसाची चिंचोळी होडी. तीत बसायचं असं नाही, ती कमरेपर्यंत अंगात घालायची. कमरेला रबराची झालर आवळायची आणि तिची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवायची, म्हणजे आत पाणी येत नाही. होडी उलटली की माणूसही तिच्यासकट उलटा. डोकं खाली, पाय वर अडकलेले. मग एकतर वल्ह्याने पाण्याला टेका देऊन, कंबर झटकून पुन्हा सुलटं व्हायचं, त्याला रोल म्हणतात. किंवा झालरीची पुढची पट्टी ओढून बाहेर पडायचं.

मला पोहायलाही नीट येत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं. बाबांचा जन्म नांदेडकडच्या एका गावातला, ऐन गोदाकाठचा, पण त्यांनी नदीत कधी डुबकी मारलेली नाही. गावाचा घाट वर आणि गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या लोकांची जागा खाली. वर सगळ्यांची धुणी आणि गुरं होऊन आलेलं पाणी आमच्याकडे यायचं, आणि पोरांनी वरच्या बाजूला पाय घातला तर मार बसायचा. आजोबा इथे रेल्वेच्या यार्डात कामाला लागले. निजामाचं जुनं राज्य मोडून भाषेप्रमाणे वाटलं गेलं तेव्हा गाव तिकडच्या राज्यात गेलं आणि आजोबा इथेच राहिले. बाबा तेव्हा लहान होते. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराला नदी ठाऊक होती ती अशी, दुरून. मी उलटं व्हायला शिकते आहे हे कळल्यावर बाबा म्हणाले, “माय, नाकात पाणी जायलं असंल की.”

गेलंच. पहिल्यांदा तरणतलावात मला मुद्दाम उलटं केलं तेव्हा पट्टी कुठे आहे हेच मला आठवेना. हात होडीच्या पोटावर आपटत राहिले. शेवटी सापडली, ओढली, वर आले आणि काठाला धरून खोकत बसले. अक्का शेजारच्या होडीतून हसत होती. हसता हसता स्वतःच कलंडली. तिचे हात होडीच्या पोटावर एकदाही आपटले नाहीत, नुसतं होडीचं पिवळं बूड डुचमळलं, आणि मग ती एका झटक्यात सुलटी झाली. केस तोंडावर आणि हसणं चालूच. तिला रोल तेव्हाच साधला होता. मला तो साधायला वर्ष गेलं.

तरणतलावानंतर दर रविवारी सराव शहरातल्या तळ्यावर असायचा. तळ्याला वास होता. पाणी हिरवं, दाट, जागच्या जागी. आम्ही त्यात गोल गोल फिरायचो आणि वाहत्या नदीविषयी बोलायचो. पुढे ते बोलणं तळ्यावरून कचेरीत आलं, जिन्यावर आलं. कुठे जायचं? आमच्यापैकी एकीनेही तोपर्यंत खळखळतं पाणी होडीतून पाहिलं नव्हतं, पण इतक्या नद्या आम्ही त्या जिन्यावर तोलल्या की वाटावं, सगळ्यांवरून उतरून आलोय.

अक्काची वर्गवारी साधी होती. नद्या तीन जातींच्या: बर्फाच्या, पावसाच्या आणि धरणाच्या. कोलाडची कुंडलिका आणि दांडेलीची काळी या धरणाच्या. शिस्तीच्या, वेळेवर येणाऱ्या. पावसाच्या म्हणजे केरळातल्या कोळिकोडकडच्या, कूर्गातल्या. चार महिने उधळायचं आणि मग खडकांत डबकी होऊन पडायचं. त्या अरुंद, दगडांनी भरलेल्या, पाणी कोमट. तिथे उलटलं तर डोकं आपटायची भीती जास्त. बर्फाच्या म्हणजे ऋषिकेशची गंगा, कुलूची बियास, सिक्कीमची तीस्ता. पाणी खोल, मोठं, लाटा घरापेक्षा उंच, पण दगड खाली बुडालेले. थंडी मात्र अशी की बोटं वल्ह्यावरून सुटेनात.

“लहान नदी माणसाला दगडावर मारते, मोठी नदी माणसाला धरून ठेवते,” हे तिने कुठेतरी वाचलं होतं की स्वतःच बनवलं होतं, देव जाणे. “आपण मोठीला जाऊ.”

“धरून ठेवते म्हणजे पाण्याखाली ना?”

“हौ. पण सोडते नंतर.”

माझं मन कुंडलिकेकडे ओढायचं त्याचं कारण मी तिला बरेच दिवस सांगितलं नाही. तिथे माझी भाषा बोलतात, एवढंच ते कारण. नारायणगुड्यातल्या शाळेत मी दहावीपर्यंत मराठीत शिकले. इथे कुणी मला मराठी म्हणतं तेव्हा मान ताठ होते, आणि तिकडे पुण्याला नातेवाइकांकडे गेलं की दुकानदार विचारतो, “तुम्ही कुठल्या? साऊथच्या का?” मला वाटायचं, त्या नदीवर कुणीतरी मराठीत ओरडून सांगेल, डावीकडे घे, आणि मी विचार न करता घेईन. शेवटी एकदा सांगितलं. अक्का हसली नाही. चटणीचं बोट चाटत म्हणाली, “मग तिथेही जाऊ. पण दुसऱ्या वर्षी.”

बाबांनाही या पंचायतीत रस वाटायला लागला होता. संध्याकाळी मी घरी आले की विचारायचे, “आज कोणती नदी झाली?” मी सांगायची. एकदा ते म्हणाले, “मला इचारशील तर वरच्या अंगाला जावा. जितकं वर तितकं पाणी नितळ. खालचं आम्ही लई बघितलं.” दुसऱ्या दिवशी मी ते अक्काला सांगितलं. तिने डबा खाली ठेवला आणि म्हणाली, “झालं तर. गंगा.” त्या दिवशी ठरलं.

ठरलं, पण जाणं होईना. कचेरीत कुणाची वाटणी कुठल्या राज्यात होणार याचा घोळ दोन वर्षं चालला. रजा मागायची सोय नव्हती. आधी निवडणुका आल्या, मग बदल्या, मग पुन्हा सगळं नव्याने. भिंत उभी राहिल्यावर, मूळची किनारपट्टीची म्हणून, अक्का पलीकडे गेली आणि मी अलीकडे राहिले. हैदराबादेत जन्मलेली म्हणून मी इकडची. मराठी असल्याने मला कुणी मोजतच नव्हतं, असंही म्हणता येईल. तिला मात्र सगळे मोजत होते. वीस वर्षं या शहरात संसार केलेल्या बाईला लिफ्टमध्ये कुणीतरी विचारायचं, “तुमचं जाणं कधी?” विचारणारे वाईट लोक नव्हते. इथल्या नोकऱ्या किनारपट्टीच्या लोकांनी घेतल्या ही त्यांच्याही मनात जुनी सल होती, आणि ती खरी होती. पण ते ऐकल्यावर तिचा चेहरा कसा व्हायचा तेही मी पाहत होते.

माझ्या बाजूचे एक वयस्क साहेब मला एकदा म्हणाले, “कायकू उधर जाके खाते, अम्मा? इधर अपने लोगां बैठे ना.”

मी म्हटलं, “साब, उधर चटणी अच्छी रहती.”

ते हसले. मी रोज इमारतीला वळसा घालून बाहेरच्या जिन्यावर जात राहिले. ती तिच्या दारातून यायची. जिन्याला भिंत घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मग एका उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांच्या सगळ्या कचेऱ्या विजयवाड्याकडे हलवायच्या ठरल्या. ट्रकांत कपाटं चढली. अक्काच्या नवऱ्याचं दुकान इथे, मुलीची शाळा इथे. सुरुवातीला ती सोमवारी पहाटेच्या गाडीने जायची आणि शुक्रवारी रात्री परत यायची. रविवारी तळ्यावर यायची खरी, पण होडीत बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायचे. ऑक्टोबरात गंगा होडीवाल्यांना खुली होते, पाऊस सरलेला असतो आणि थंडी कडक झालेली नसते. आम्ही त्या ऑक्टोबरची तिकिटं काढली. दिल्लीच्या गाडीचंही नाव तोवर नव्या राज्यावरून बदललं होतं. तिकिटावर नवं नाव पाहून अक्का म्हणाली, “बघ, हिचीसुद्धा वाटणी झाली.”

निघायच्या आठवड्यात तिचा फोन आला. नव्या कचेरीत काहीच जागेवर नाही, सगळ्यांच्या रजा रद्द.

मी चिडले. “मग मीही जात नाही. तू नसशील तर मी तिथे काय करू? मला रोलसुद्धा धड येत नाही.”

“येतो तुला. तळ्यात येतो ना?”

“तळं आणि गंगा एक आहे का?”

मग ती म्हणाली, “तू जा, अम्मायी. इतकी वर्षं आपण दोघी नुसत्या बोलतोय. एकीला तरी खरं कळू दे. मला येऊन सांग, ते पाणी कसं आहे.”

मी गेले. गाडीत समोरची जागा कुण्या दुसऱ्या प्रवाशाला मिळाली होती. तो नागपूरपर्यंत झोपला आणि पुढेही झोपला.

ऋषिकेशच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी वाळूवर तंबू होते. शिकवणारा गढवाली तरुण मुलगा कमी बोलायचा. पहिल्या सकाळी मी नदीत पाय घातला आणि घोट्यापर्यंत हाड दुखलं. पाणी हिरवट निळं होतं, आणि तळाशी माझ्या पायाची बोटं मोजता येत होती. बाबांचं ‘नितळ’ म्हणजे हे, असं मनात आलं.

जिन्यावर बसून जे आम्हाला कळलं नव्हतं ते असं, की वाहत्या नदीत पाणी एक नसतं. मधली धार जोरात खाली जाते, आणि कडेला खडकामागे तेच पाणी वळून उलटं, वरच्या दिशेला येतं. दोन्हींच्या मधे बोटभर रेघ असते. ती रेघ ओलांडताना धारेच्या दिशेला, जिकडे पाणी ओढतं तिकडेच झुकायचं. माणसाचं अंग घाबरून उलट्या बाजूला झुकतं. माझंही झुकलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत मी उलटी होते.

खाली आवाज होता. तळ्यात कधी ऐकला नव्हता असा, बारीक टकटक, खूप सारी. नंतर त्या मुलाने सांगितलं, ते तळाचे गोटे, पाण्याबरोबर सरकत एकमेकांवर आपटतात. मी रोल करायचा प्रयत्न केला, जमला नाही. पुन्हा केला, जमला नाही. पट्टी ओढली आणि पोहत, पाणी गिळत, त्या मुलाच्या होडीच्या शेपटाला धरून काठाला लागले. दात वाजत होते. वाळूवर बसून मी रडले. भीतीने रडले असं त्याला वाटलं असणार.

तिसऱ्या दिवशी एका लांब, सरळ लाटांच्या पट्ट्यात मी मधोमध उलटले आणि या वेळी हात आपोआप पुढे गेले. वल्हं पाण्यावर पसरलं, कंबर झटकली, डोकं सगळ्यात शेवटी वर आलं. ऊन, लाटा, मी सुलटी. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण मराठीत ओरडले. आणि तसंच मागे वळून पाहिलं, पिवळी होडी कुठे आहे म्हणून. मागे नदी होती, तिच्यावर दोन अनोळखी माणसं आपापल्या होड्या सांभाळत होती. त्यातल्या एकाने अंगठा वर केला. त्या क्षणाइतकी अक्काची आठवण मला आजवर कधी आली नाही.

संध्याकाळी टेकाडावर चढून, जिथे फोनला रेंज मिळत होती तिथून, मी तिला सगळं सांगितलं. ती मधे मधे प्रश्न विचारत होती. लाटेचा माथा पुढे कोसळतो की मागे? डोक्यात कळ येते का? रेघ दिसते, की नुसती जाणवते? मग मी गोट्यांचं सांगितलं.

“अक्का? ऐकतेयस ना?”

“ऐकतेय,” ती म्हणाली. “पुन्हा सांग ते. टकटक कसली?”

मी पुन्हा सांगितलं.

घरी आल्यावर बाबांनाही सांगितलं. त्यांनी फक्त पाण्याचा रंग विचारला. मग बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी मी निघताना ते बूट घालून दारात उभे. “मलाबी बसवशील का एकदा? उलटं नको.” तळ्यावर दोघांची रुंद होडी होती. बाबांना केशरी जाकीट आवळलं, पुढे बसवलं. मधोमध गेल्यावर त्यांनी एक हात पाण्यात सोडला आणि काठाला येईपर्यंत बाहेर काढला नाही. पाण्याला वास येतो, असं मी म्हटलं. ते म्हणाले, “येऊ दे.”

अक्काने पुढच्या वर्षी बिऱ्हाड हलवलं. नवऱ्याने दुकान विकून तिकडे नवं टाकलं. मी त्यानंतर कुंडलिकेवर गेले. तिथे खरंच कुणीतरी मराठीत “डावीकडे घ्या, ताई” असं ओरडलं, आणि मी उजवीकडे घेतलं. पावसाळ्यात केरळला जाऊन आले. दर वेळी आधी महिनाभर आमची फोनवर जुनी पंचायत चालायची. या नदीला किती पाणी, त्या नदीला किती दगड, कुठली आपल्याला झेपेल. ‘आपल्याला’ म्हणायची ती. तिकडे तिच्या घरामागे कृष्णा आहे, बंधाऱ्याने अडवलेली, आरशासारखी. ती होडीत बसली का, हे मी काही वर्षं विचारत राहिले, मग विचारायचं सोडलं. तिला नव्या कचेरीत मैत्रिणी मिळाल्या होत्या. संध्याकाळी त्या मिळून बंधाऱ्यावर चालायला जातात. ती सुखात होती. हे मला कळत होतं आणि त्याने मला बरं वाटायला हवं होतं.

मागच्या पावसाळ्यात भाचीच्या लग्नाला ती इथे आली होती. दोन दिवस लग्नघराने तिला सोडलं नाही. मला मिळाली ती शेवटची दुपार. अफझलगंजजवळच्या बसस्टँडवर आम्ही चहा घेतला. तिचे केस पांढरे झाले होते, आणि तिने ते तसेच ठेवले होते. सिक्कीमच्या तीस्तेचा विषय निघाला. मी म्हटलं, “चल ना, या ऑक्टोबरात.” ती म्हणाली, “बघते. पोरीची परीक्षा झाली की बघते.” दोघींनाही कळलं. चहा संपला. बस लागली, तिने खिडकीतून हात धरला आणि सोडला.

मी पुलाच्या दिशेने चालत निघाले, तोच फोन वाजला. बस पुलावर वाहनांच्या गर्दीत अडकली होती.

“अम्मायी, खाली बघ! मुसीला पाणी आलंय!”

मी कठड्यापाशी गेले. वरच्या तलावांतून पाणी सोडलं होतं. एरवी शहराच्या मधोमध काळी नाली होऊन पडलेली मुसी नदी तपकिरी, फेसाळ, काठोकाठ वाहत होती. मधे खडकांवर खऱ्या लाटा उठत होत्या. पुलावर लोक गाड्या थांबवून बघत होते.

“दिसलं?” ती विचारत होती. “मधे नाही हं. मधे दगड आहेत. तू कुठून घेशील?”

“उजवीकडून. तो मोठा खडक आहे ना, त्याच्या मागे थांबेन.”

“छे. डावीकडून. मी डावीकडून घेईन. मग तुझ्यासाठी थांबेन खाली.”

बस हलली. तिने अजून काहीतरी सांगितलं, पण हॉर्नच्या गोंगाटात ऐकू आलं नाही. मी कठड्यावर वाकून डावीकडची वाट शोधत राहिले. ती तिथे होती. अरुंद, पण होती.